मोटारीचें मुख आणि मालकाचा हात

एखादी वस्तु आपल्या ताब्यांत आली म्हणजे ती आहे तशी वापरून मनुष्य स्वस्थ बसत नाहीं. तिजवर आपली कांहीं तरी खूण उमटावी असें त्यास वाटतें. शेतकरी पोळ्यास बैलांचीं शिंगें रंगवितो, गाडीवान बैलांच्या गळ्यांत घुंगरांची माळ बांधितो, कोळी आपल्या होडीवर रंगाचे पट्टे ओढून तिचें नांव मोठ्या हौसेनें लिहितो, आणि मालमोटारीचा चालक तिच्या अंगभर वेलबुट्टी काढवून घेतो. ही हौस जुनी आहे, स्वाभाविक आहे, आणि तिच्यांत मूळचें असें वाईट कांहीं नाहीं. आजच्या काळीं ती घरच्या मोटारीच्या वाट्यास आली आहे, इतकेंच.

मोटारीच्या सर्वांगांत ही हौस अधिकांत अधिक कोठें उमटत असेल, तर ती तिच्या तोंडावर. दोन दिवे हे जणूं डोळे, बंपर ही हनुवटी, आणि ह्यांच्या मध्यें जी जाळी बसविलेली असते तें तोंड. बाजारांत हिला 'ग्रिल' म्हणतात. आम्ही ह्या लेखांत तिला नुसती जाळीच म्हणूं. गाडी घरीं येऊन महिना लोटला नाहीं तोंच तिची चकचकीत जाळी काढून काळी करावी, आडव्या पट्ट्यांच्या जागीं तारेची जाळी बसवावी, तिच्यांत लहान लहान दिवे ओवावे, किंवा दिव्यांवर भुंवया उतराव्या अशी 'रागीट' तोंडाची तयार जाळी आणून लावावी, असे उद्योग हल्लीं पुष्कळ तरुण घरच्या अंगणांत करूं लागले आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील बंधु, मामा व काका ह्या उद्योगांत असतील. आणखी चार-सहा वर्षांनीं वाचक स्वतःहि असतील. म्हणून ह्या विषयाचा दोन्ही बाजूंनीं विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वडीलधाऱ्या मंडळींचें म्हणणें असें कीं, कारखान्यांतून निघालेल्या चांगल्या वस्तूस हात लावणें ही उधळपट्टी होय, आणि हातीं कानस घेऊन अंगणांत घांसत बसणें शिकल्यासवरल्या मुलास शोभत नाहीं. तरुणांचें उत्तर एका वाक्याचें असतें: गाडी आमची, मर्जी आमची. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. स्वतःच्या हातानें जाळी बदलणें हें एक उत्तम शिक्षण आहे व त्यास उत्तेजनच दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे. परंतु 'गाडी आमची' हें जितकें खरें, तितकें 'तोंड आमचें' हें खरें नाहीं. मालक स्टिअरिंगमागें बसतो. गाडी चालवितांना त्याला आपली जाळी कधींच दिसत नाहीं. ती दिसते समोरून येणाऱ्यास, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीस, सायकलवरच्या मुलास. ज्या भागाकडे दुसऱ्यानें पाहावयाचें, आणि ज्याचा आघात झालाच तर तोहि दुसऱ्यानें सोसावयाचा, त्या भागाविषयीं मालकाची मर्जी हाच एकटा न्याय कसा चालेल?

प्रथम ही जाळी कशासाठीं असते तें पाहूं. इंजिनांत पेट्रोल जळून जी शक्ति उत्पन्न होते, तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरते, आणि उरलेली धुराबरोबर निघून जाते. तें तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतें व समोरून येणारा वारा त्यास निववितो. गार हवेचें यंत्र असलेल्या गाडींत रेडिएटरच्याहि पुढें त्या यंत्राचा कंडेन्सर असतो. ह्या दोघांस वारा पोंचावा, पण खडा, पाला, कागद व पांखरूं आंत जाऊं नये, एवढ्याकरितां ही जाळी. म्हणजे एकाच वेळीं ती दार आहे व द्वारपालहि आहे.

सपाट रस्त्यावर वेगानें जातांना वारा आपोआप भरपूर मिळतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत माणसांनीं व सामानानें भरलेली गाडी कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत असतां इंजिनाचे श्रम अधिक आणि वारा कमी, अशी अवस्था होते. मग सारा भार एकट्या पंख्यावर पडतो. नागपुराकडे तर उन्हाळ्यांत हवाच ४५ अंशांच्या घरांत गेलेली असते. अशा वेळीं शोभेसाठीं अर्धी बुजविलेली जाळी गाडीस कोठें उभी करील, हें निराळें सांगणें नलगे.

आतां कामाची ही वस्तु शोभेची कशी झाली, तो इतिहासहि मनोरंजक आहे. आरंभींच्या मोटारींस अशी निराळी जाळी बहुधा नसे. रेडिएटर उघडाच असे. १९०१ सालच्या मर्सिडिझ गाडीसाठीं विल्हेल्म मेबाख ह्या जर्मन अभियंत्यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यांत आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या शेजारीं शेजारीं बसविलेल्या होत्या. अशा रेडिएटरची चौकट हेंच त्या काळीं गाडीचें मुख, आणि तिच्या आकारावरून गाडी कोणत्या कारखान्याची तें लोक ओळखीत. रोल्स-रॉइसनें ग्रीक देवालयाच्या दर्शनी भागाचा आकार घेतला, बुगाटीनें घोड्याच्या नालाचा. १९३० नंतर रेडिएटर पत्र्याच्या आड गेला व त्याच्यापुढें निराळी जाळी आली. १९३३ सालीं बी. एम. डब्ल्यू. कारखान्याच्या ३०३ ह्या गाडीवर मूत्रपिंडांच्या जोडीसारखी जी जाळी प्रथम दिसली, ती त्या कारखान्याची खूण म्हणून आजतागाईत टिकून आहे.

जीप गाडीची कथा ह्याहून बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धांतील पहिल्या विलीस जीपांची जाळी लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडून केलेली असे. फोर्ड कारखान्यानें त्याऐवजीं एकाच पत्र्यांत नऊ उभ्या खांचा दाबयंत्रानें पाडिल्या; त्यामुळें जाळी हलकी झाली व स्वस्तहि झाली. पुढें १९४५ सालीं नागरी वापराची जीप निघाली, तेव्हां दिवे मोठे आले व खांचा सात उरल्या. निव्वळ काटकसरींतून जन्मलेलें हें रूप आज त्या गाडीची मोलाची खूण होऊन बसलें आहे. मुंबईंत महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलीस जीपांची जुळणी सुरू केली. त्याच वंशांतील 'रॉक्सर' ही गाडी ती कंपनी अमेरिकेंत विकूं लागतांच, आमच्या गाडीच्या रूपाची ही नक्कल आहे अशी तक्रार जीपच्या मालकांनीं २०१८ सालीं केली. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानें २०२० सालीं नक्कल झाल्याचा निर्णय दिला, आणि रॉक्सरचें तोंड बदलावें लागलें. ज्या वस्तूवरून दोन खंडांतल्या कंपन्या न्यायासनापुढें उभ्या राहतात, तिला क्षुल्लक कसें म्हणावें?

घरीं बसून गाडीचें तोंड पालटण्याची हौसहि आजची नव्हे. महायुद्धानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांतील तरुण मर्क्युरी गाड्यांवर डिसोटो गाडीच्या जाळीचे जाड दांत बसवीत. कोणी कपाटाच्या खणांच्या चकचकीत मुठी आणून त्यांच्या रांगाच जाळीवर जडवीत. त्यांच्यापैकीं बहुतेकांपाशीं पैसा थोडा होता. पण हातांत कसब होतें व भंगारांतून निवड करण्याची नजर होती. आपल्या इकडे अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली पद्मिनी ह्या दोन गाड्यांनीं हीच शाळा चालविली. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, आणि पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. परंतु ज्या पिढीनें त्या गाड्या सांभाळल्या, तिला पाना व पक्कड परकी नव्हती. आजच्या गाड्या अधिक सुखाच्या झाल्या, आणि त्या मानानें मालक गाडीस अधिक परका झाला. बॉनेट कसें उघडावें हेंहि ठाऊक नसलेले मालक आज पुष्कळ भेटतात. ह्या स्थितींत एखादा तरुण आपण होऊन जाळी उतरवूं पाहत असेल, तर त्याचा हात धरून मागें ओढण्यापेक्षां त्या हातास वळण लावणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

ह्या कामांत पहिला धडा मिळतो तो धीराचा. हल्लींची जाळी बहुधा ए. बी. एस. जातीच्या प्लास्टिकची असते व पेंचांइतकीच ती प्लास्टिकच्या खटक्यांनीं धरलेली असते. कित्येक गाड्यांत बंपर उतरविल्याशिवाय ती निघतच नाहीं. जो बळ करतो त्याच्या हातीं मोडलेला खटका येतो. जो आधीं पाहणी करतो, कोठें किती पेंच आहेत तें कागदावर टिपतो, आणि काढलेला प्रत्येक पेंच क्रमानें वाटींत ठेवितो, त्याच्या हातीं अखंड जाळी येते. शक्य असल्यास मूळची जाळी जपून ठेवावी व भंगार बाजारांतून त्याच गाडीची दुसरी जुनी जाळी आणून तिच्यावर प्रयोग करावा. सोलून काढतां येईल असा रबरी रंगहि मिळतो. नवशिक्यानें आरंभ त्यानेंच करावा. मन बदललें तर पूर्वस्थितीस जातां येईल, अशी वाट ठेवूनच पुढें जावें.

दुसरा धडा न दिसणाऱ्या श्रमाचा. प्लास्टिकवर जी चांदीसारखी झळाळी दिसते, ती तांबें, निकेल व क्रोमियम ह्यांचे थर विजेच्या प्रवाहानें चढवून आणिलेली असते. सर्वांत वरचा क्रोमियमचा थर तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. इतक्या गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाहीं. म्हणून प्रथम साबणानें धुणें, पाण्यांत भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपरनें चकाकी मरेपर्यंत घांसणें, पुनः धुणें व वाळविणें, मग प्लास्टिकास धरणारें अस्तर, मग रंगाचे पातळ पातळ हात, आणि शेवटीं पारदर्शक लॅकरचा एक हात, असा क्रम आहे. एका जाड हातांत काम उरकूं पाहणाऱ्याच्या जाळीवर ओघळ येतात, आणि घांसण्याचा कंटाळा करणाऱ्याच्या जाळीवरून पहिल्याच पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटूं लागतात. धुणें, घांसणें व अस्तर हीं तिन्ही कामें शेवटीं कोणास दिसत नाहींत. पण जें दिसतें त्याचें आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असतें. हें तत्त्व वर्गांत फळ्यावर लिहून समजावणें कठीण. अंगणांत तें दोन दिवसांत समजतें.

येथें दोन सूचना दिल्याच पाहिजेत. रंगाचा फवारा उघड्या हवेंत मारावा, तोंडानाकास योग्य मुखपट्टी असावी, व जवळपास विस्तव नसावा. आणि घरीं क्रोम चढविण्याचा खटाटोप मात्र कोणीहि करूं नये. त्या कामांत जुन्या पद्धतीनें वापरलें जाणारें षट्‌संयुजी क्रोमियम मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणारें ठरलेलें आहे; त्याचें सांडपाणी ओढ्याविहिरींत गेलें तर साऱ्या वस्तीस तें बाधेल.

तिसरा धडा गणिताचा, आणि तो आमच्या विशेष आवडीचा आहे. समजा, चौकोनी विणीची तारेची जाळी आणिली; दोन तारांमधली मोकळी जागा १० मिलिमीटर, व तारेची जाडी २ मिलिमीटर. म्हणजे १२ मिलिमीटर बाजूच्या प्रत्येक चौरसांत १० मिलिमीटर बाजूचा चौरस मोकळा. क्षेत्रफळें काढलीं तर १४४ भागांपैकीं १०० भाग, म्हणजे शेंकडा सुमारें ६९ जागा वाऱ्यास मिळाली. तीच तार ठेवून मोकळी जागा ४ मिलिमीटर केली, तर ३६ भागांपैकीं १६ भाग, म्हणजे शेंकडा सुमारें ४४ जागा उरली. आणि सपाट पत्र्यास आडव्याउभ्या रांगांनीं दर १० मिलिमीटरांवर ६ मिलिमीटर व्यासाचें गोल भोंक पाडिलें, तर शेंकडा अवघी २८. दुकानाच्या कांचेंतून पाहतां ह्या तिन्ही जाळ्या सारख्याच मोहक दिसतील. भेद काय तो क्षेत्रफळ सांगतें. डांसांच्या जाळीसारखी अगदीं बारीक वीण घेतली, तर आंकड्यांत जागा बरीच मोकळी दिसली तरी बारीक छिद्रांतून वाऱ्यास अडथळा अधिक होतो, आणि किड्यांनीं व चिखलानें ती लौकर बुजते. म्हणून मूळच्या जाळीची मोकळी जागा चौकटीच्या कागदावर मोजावी, आणि नवी तिच्याहून कमी असूं नये, हा नियम धरावा. क्षेत्रफळाचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण अवश्य करून पाहावें.

चौथा धडा धातूंच्या स्वभावाचा. अॅल्युमिनियमच्या जाळीस लोखंडी पेंच लावून गाडी कोंकणांत नेली, तर खाऱ्या दमट हवेंत त्या दोन धातूंच्या सांध्याशीं अॅल्युमिनियम झिजूं लागतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतील विद्युत्घटाची आकृति येथें प्रत्यक्ष गाडीवर उतरते. जाळी रेडिएटरच्या नाजूक पात्यांस घांसतां कामा नये, ती खडखडतां कामा नये, आणि कापलेल्या तारेचें एकहि टोंक बाहेर राहतां कामा नये. प्रत्येक टोंक कानशीनें गोल करावें किंवा आंत वळवावें.

हें शेवटचें टोंकाचें बोलणें आम्हांस आमच्या मुख्य मुद्द्याकडे आणतें. आमची हरकत जाळी बदलण्यास नाहीं. ती कोणत्या वृत्तीनें बदलली जाते, ह्यास आहे. बाजारांत आज सर्वांत खप कोणत्या तोंडाचा, तर रागावलेल्या. भुंवया खालीं, दांत बाहेर, सर्वांग काळें. आम्ही विचारतों, हा राग कोणावर? गाडीपुढें जो उभा असतो तो बहुधा पायीं चालणारा असतो. एकाकडे एक-दीड टनाचें लोखंड व इंजिनाचें सारें बळ. दुसऱ्याकडे पायांतल्या वहाणा व हातांतली पिशवी. ज्याच्या पदरीं इतकें सामर्थ्य आहे, त्यानें आणखी दांत दाखवावे, ह्यांत शौर्य कोणतें? आमचा शेतकरी ह्या बाबतींत अधिक सुसंस्कृत आहे. तो बैलांचीं शिंगें रंगवितो, पण त्यांस धार लावीत नाहीं. उलट त्यांच्या टोंकांवर पितळी शेंब्या चढवितो. शोभाहि झाली, आणि टोंकहि झांकलें.

रागीट मुखवट्यानें स्वतः कोणाचा जीव जात नाहीं, हें आम्ही जाणतों. जीव जातो तो वेगानें, बेपर्वाईनें, आणि गाडीच्या उंच व बोथट तोंडानें. परंतु ह्या आवडी एकमेकींस हात देतात. आज भुंवया, उद्यां पुढें लोखंडी नळ्यांचा अडसर, परवां गाडी आणखी उंच, अशी ही पायरी चढत जाते. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमा-संस्थेनें पादचाऱ्यांच्या सुमारें १८,००० अपघातांचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच, त्यांच्या धडकेंत पादचारी मरण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षां शेंकडा सुमारें ४५ नें अधिक आढळला. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, आणि त्यांपैकीं ३२,८२५ पादचारी होते, असें केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हे आंकडे वाचल्यावर गाडीचें तोंड ही केवळ मालकाच्या आवडीनिवडीची बाब आहे, असें कोणास म्हणवेल?

लोखंडी अडसराविषयीं तर सरकारनेंच निर्णय दिलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ घडणींत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई करतें. त्याच्या आधारें रस्ते वाहतूक मंत्रालयानें २०१७ च्या डिसेंबरांत असे अडसर बेकायदा असल्याचें सर्व राज्यांस कळविलें. ह्याचें कारण शास्त्रीय आहे. गाडीचें पुढचें अंग चेंपून जाऊन आघात गिळावा, अशीच त्याची रचना केलेली असते. ताठ लोखंड तो आघात न गिळतां गाडीच्या सांगाड्यांत ढकलतें, हवेच्या पिशव्यांस इशारा देणाऱ्या यंत्रणेस चुकवूं शकतें, आणि समोरच्या पादचाऱ्यास तर तें घणासारखें लागतें. गाडीची मूळ घडण बदलण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ च्या जानेवारींत स्पष्ट निकाल दिला आहे. जाळीस दुसरा रंग देणें आणि घडण बदलणें ह्यांत अंतर आहे खरें. पण शंका आल्यास परिवहन कार्यालयांत विचारून घेणें बरें. जाळींत तांबडे दिवे बसवून ते पुढें दाखविणें केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मना आहे, आणि क्रमांकाची पाटी झांकणें तर उघडच गुन्हा आहे. नव्या गाड्यांपैकीं कित्येकांत समोरच्या गाडीचें अंतर मोजणारें रडार जाळीच्या मधल्या चिन्हामागें लपविलेलें असतें. त्यावर धातूचा अंश असलेला रंग बसला तर तें आंधळें होऊं शकतें. म्हणून हात घालण्यापूर्वीं आपल्या गाडीच्या तोंडामागें काय काय आहे, तें पुस्तिकेंत पाहूनच घ्यावें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. साध्या गाडीवर महागड्या कारखान्याचें चिन्ह व तिच्यासारखी जाळी लावून मिरविण्याची चाल वाढत आहे. तिला आम्ही हौस म्हणणार नाहीं. स्वतःच्या हातानें घांसून रंगविलेली साधी जाळी मालकाविषयीं कांहीं तरी खरें सांगते. उसनें चिन्ह कांहींच खरें सांगत नाहीं. शिवाय पाहणारा फसतो तो क्षणभर; लावणारा मात्र रोज दाराशीं तें असत्य पाहत असतो.

कोणी म्हणेल, विजेच्या गाड्या आल्या. त्यांस इंजिन नाहीं, मोठी जाळी नाहीं. मग हा सारा विचार थोड्याच दिवसांचा नव्हे काय? अशा गाड्यांस वारा पुष्कळ कमी पुरतो हें खरें. टेस्लाच्या मॉडेल एस गाडीनें जाळीसारखा दिसणारा आपला काळा मुखवटा २०१६ सालीं काढून टाकिला. परंतु बी. एम. डब्ल्यू. नें आपल्या विजेच्या गाडीवर दोन्ही मूत्रपिंडें कायम ठेविलीं. तीं आंतून बंद केलीं व त्यांच्यामागें निरनिराळीं संवेदक यंत्रें बसविलीं. म्हणजे वाऱ्याचें काम संपलें तरी चेहऱ्याचें काम संपलें नाहीं. जोंपर्यंत गाडी रस्त्यावर माणसांमधून जाणार, तोंपर्यंत तिला तोंड असणार. आणि तें कसें असावें हा प्रश्नहि राहणार.

राहतां राहिला उधळपट्टीचा आक्षेप. तयार जाळी विकत आणून दुसऱ्याकडून बसवून घेणें, व दर वर्षीं नवी घेणें, ही उधळपट्टीच होय. तिच्यांत पैशाखेरीज मालकाचें कांहींच खर्च होत नाहीं. परंतु दोन पॉलिश पेपर, एक रंगाचा डबा, आणि सुटीचे दोन दिवस खर्चून बापलेकांनीं मिळून जी जाळी केली, तिचा हिशेब पैशांत होत नाहीं. मुलगा पेंचाच्या आट्या कोणत्या दिशेनें फिरतात तें शिकतो, बाप मुलाचे प्रश्न ऐकण्यास मोकळा असतो, आणि पुढें गाडी वाटेंत गरम झाली तर कोठें पाहावें हें घरांतील दोघांस ठाऊक असतें. हाताच्या कामास कमी लेखण्याची जी खोड आपल्या सुशिक्षित घरांतून अद्यापि गेलेली नाहीं, तिच्यावरहि हा एक उतारा आहे.

सारांश, ज्यास आपल्या गाडीचें तोंड पालटावयाचें असेल, त्यानें आधीं चार प्रश्न विचारावे. वाऱ्यास पूर्वीइतकी वाट राहील काय? बाहेर आलेलें एखादें टोंक किंवा लोखंड कोणास लागेल काय? कायद्यास हें चालेल काय? आणि पुढें मन बदललें तर पूर्ववत् करतां येईल काय? ह्या चारहि प्रश्नांचें उत्तर समाधानकारक असेल, तर खुशाल बाह्या सरसावाव्या. आमचा त्यास पूर्ण पाठिंबा आहे. काम पुरें झालें म्हणजे एक शेवटची परीक्षा घ्यावी. गाडीपासून दहा पावलें दूर जावें, सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जितक्या उंचीवर असतात तितकें खालीं बसावें, आणि तेथून आपल्या हातचें काम पाहावें. त्या उंचीवरून जें तोंड सुबक व निरुपद्रवी दिसेल, तें खरोखर चांगलें झालें असें समजण्यास हरकत नाहीं.